भिंतीआडची वीज

पन्नास-साठ वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील सामान्य घरांच्या स्वयंपाकघरात विजेला फारच थोडे काम असे. आढ्यापासून लोंबणारा एक दिवा आणि दाराजवळ लाकडी फळीवर बसविलेले त्याचे काळे बटण, एवढाच तिचा पसारा. दळण जात्यावर किंवा गिरणीत होई, वाटण पाट्यावर होई, ताक रवीने घुसळले जाई आणि अन्न चुलीवर, शेगडीवर अथवा रॉकेलच्या स्टोव्हवर शिजे. पिण्याचे पाणी माठात गार होत असे. आज त्याच खोलीत पाट्याचे काम मिक्सर करतो आणि माठाचे काम फ्रीज करतो. शिवाय पाणी शुद्ध करणारे यंत्र, धूर व वाफ ओढून घेणारी चिमणी, विजेची किटली, मायक्रोवेव्ह भट्टी, इंडक्शनची शेगडी अशी नवी मंडळी ओट्यावर आणि ओट्याभोवती येऊन बसली आहेत. उपकरणे बदलली, पण पुष्कळ घरांतील तारा मात्र जुन्याच राहिल्या.

यात त्या जुन्या घरांचा दोष नाही. आपल्याकडे वीज आली ती प्रथम उजेडासाठी आणि कारखान्यांसाठी. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात 1882 साली विजेचे दिवे लागले. 1915 साली खोपोली येथील जलविद्युत् केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. कोयनेची वीज 1962 साली वाहू लागली आणि त्यानंतर राज्यातील गावोगावी तारा पोहोचल्या. त्या काळी घर बांधणाऱ्याने दोन-तीन दिवे, एखादा पंखा आणि रेडिओसाठी एक प्लग एवढाच हिशेब केला असेल, तर तो त्याच्या गरजेपुरता बरोबरच होता. त्याने बसविलेली बारीक तार त्या ओझ्याला पुरून उरत होती. तीच तार आज इंडक्शनच्या शेगडीला जोडली, तर मात्र तिच्यावर अन्याय होतो, आणि तार आपले गाऱ्हाणे शब्दांनी सांगत नाही, ती तापते.

तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागला की तार थोडीफार तापतेच. जेम्स प्रेस्कॉट जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1841 साली या उष्णतेचा नियम प्रसिद्ध केला. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. प्रवाह तिप्पट झाला तर ती नऊपट होते. इस्त्रीमध्ये किंवा पाणी तापविण्याच्या दांडीमध्ये याच नियमाचा मनुष्याने उपयोग करून घेतला आहे. तेथे उष्णता हवीच असते. पण भिंतीच्या आत, प्लास्टिकच्या नळीत कोंडलेल्या तारेमध्ये ती नको असते. तारेवरील पीव्हीसीचे आवरण साधारणपणे 70 अंश सेल्सियस तापमान सोसू शकेल अशा बेताने केलेले असते. त्याहून अधिक उष्णता वारंवार लागली की ते कडक होते, त्यास तडे जातात आणि अखेरीस दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटतात. हे सर्व गिलाव्याच्या आड, कोणाच्याही दृष्टीस न पडता घडत असते. बाहेरून भिंत मात्र स्वच्छ, रंगविलेली आणि निरुपद्रवी दिसते.

म्हणूनच स्वयंपाकघराचे नूतनीकरण करण्याचा प्रसंग येतो, तेव्हा ती एक मोठी संधी असते. जुनी फरशी निघते, ओटा नवा होतो, भिंतींचा गिलावा खरवडला जातो. आणि पंधरा-वीस वर्षांतून एकदाच भिंतीच्या पोटात काय आहे हे पाहावयास मिळते. या प्रसंगी घरोघर एक गमतीची गोष्ट आढळून येते. ओट्याच्या दगडाचा रंग कोणता असावा आणि भिंतीवरील फरश्यांवर फुले असावीत की नसावीत, यासाठी सारे कुटुंब चार-चार दुकाने पालथी घालते. परंतु त्या फरश्यांमागून कोणती तार जाणार, याची चौकशी करण्यास कोणाला पाच मिनिटे सवड नसते. फरशीचा रंग न आवडला तर मनुष्य तो सोसतो. चुकीची तार मात्र एक तर अपघात घडविते किंवा सर्व नवे काम पुन्हा फोडावयास लावते.

तारांची योजना आखण्याचे काम कागद, पेन्सिल आणि थोडे गणित यांनी सुरू होते. प्रथम स्वयंपाकघरात आज कोणकोणती उपकरणे आहेत आणि पुढील काही वर्षांत कोणती येण्याचा संभव आहे, याची यादी करावी. ही यादी करताना ज्या व्यक्तीचे दिवसातील कित्येक तास त्या खोलीत जातात तिला सर्वांआधी विचारले पाहिजे. बहुधा तिला सर्वांच्या शेवटी विचारण्यात येते, आणि मग मिक्सरचा प्लग ओट्याच्या एका टोकाला व मिक्सर ठेवण्याची जागा दुसऱ्या टोकाला, अशी अवस्था होते. प्रत्येक उपकरणाच्या मागे किंवा तळाशी एक लहानशी पट्टी असते व तिच्यावर ते उपकरण किती वॉट शक्ती घेते हे छापलेले असते. आपल्या देशात घरगुती विजेचा दाब 230 व्होल्ट असतो. वॉटच्या आकड्याला 230 ने भागले की किती अँपियर प्रवाह लागेल याचा अंदाज मिळतो. भागाकार येणाऱ्या कोणत्याही मुलाला हा हिशेब करता येईल.

एक उदाहरण घेऊ. गणेशचतुर्थीची सकाळ आहे आणि घरात पाहुणे आलेले आहेत. 2,000 वॉटच्या इंडक्शन शेगडीवर मोदक उकडत आहेत. तिला सुमारे 8.7 अँपियर प्रवाह लागतो. 750 वॉटच्या मिक्सरमध्ये खोबऱ्याची चटणी वाटली जात आहे, त्यास 3.3 अँपियर. चहासाठी 1,500 वॉटची किटली लावली आहे, तिला 6.5 अँपियर. मायक्रोवेव्ह भट्टीत दूध तापत आहे. ती 1,200 वॉट घेते, म्हणजे 5.2 अँपियर. फ्रीज, चिमणी आणि पाणी शुद्ध करणारे यंत्र आपापल्या परीने चालू आहेतच. त्या तिघांचे मिळून सुमारे 2 अँपियर होतात. सर्वांची बेरीज 25 अँपियरच्या वर जाते. एरवी ही सर्व उपकरणे एकाच वेळी चालू नसतात हे खरे. पण सणाच्या सकाळी ती असतात, आणि तारेला सणवार कळत नाहीत.

हा सर्व प्रवाह एकाच तारेवर लादला तर काय होईल, हे जूलच्या नियमावरून सहज ध्यानात येते. यावर उपाय दोन. तार जाड घेणे हा एक आणि ओझे अनेक तारांवर वाटून देणे हा दुसरा. शहाणा वीजतंत्री दोन्हींचा अवलंब करतो. तारेची जाडी तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावरून, म्हणजे चौरस मिलिमीटरमध्ये सांगतात. घरगुती कामात दिव्यांसाठी व पंख्यांसाठी बहुधा 1.5 चौरस मिलिमीटरची, मोठ्या प्लगांसाठी 2.5 चौरस मिलिमीटरची आणि त्याहून अधिक भाराच्या उपकरणांसाठी 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरतात. जाड तारेचा रोध कमी असतो, त्यामुळे तेवढ्याच प्रवाहाने ती कमी तापते.

वरील स्वयंपाकघरात मुख्य बोर्डापासून चार स्वतंत्र मार्ग काढले तर काम सोपे होते. एका मार्गावर केवळ दिवे आणि पंखा. दुसऱ्यावर फ्रीज, चिमणी व पाण्याचे यंत्र. तिसऱ्या मार्गावर इंडक्शनची शेगडी आणि मिक्सर. त्यांची बेरीज 12 अँपियर होते. चौथ्यावर किटली व मायक्रोवेव्ह भट्टी, त्यांचे 11.7 अँपियर. शेवटचे दोन्ही मार्ग 2.5 चौरस मिलिमीटरच्या तारेचे आणि प्रत्येकावर 16 अँपियरचे दोनच प्लग. मोठ्या प्लगांच्या एका मार्गावर दोहोंपेक्षा अधिक प्लग देऊ नयेत, हा आपल्याकडील वीजकामाचा जुना दंडक आहे आणि तो उत्तम आहे. फ्रीजचा मार्ग निराळा ठेवण्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. किटलीत काही बिघाड होऊन तिच्या मार्गाची वीज तुटली आणि घरातील मंडळी त्या वेळी बाहेरगावी असली, तरी फ्रीजमधील दूध नासत नाही.

येथे फ्यूजचा विचार केला पाहिजे. फ्यूज म्हणजे मार्गाच्या आरंभी मुद्दाम ठेवलेला दुबळा दुवा. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की फ्यूजमधील बारीक तार वितळते आणि भिंतीतील तार वाचते. पूर्वीच्या घरांत चिनी मातीच्या पांढऱ्या फ्यूजमधील तार वारंवार जाई, आणि अंधारात मेणबत्ती धरून ती बदलण्याचा वैताग येई. मग एखादा उतावीळ गृहस्थ त्या बारीक तारेच्या जागी चांगली जाड तार पिळून बसवी व आपण मोठे शहाणपण केले असे समजे. फ्यूज पुन्हा कधी जात नसे, हे खरे. पण आता वितळण्याची पाळी भिंतीतील तारेवर आलेली असे. पहारेकऱ्याचा आरडाओरडा नको म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबावा, तसाच हा प्रकार होय. आज फ्यूजच्या जागी बहुतेक ठिकाणी एमसीबी नावाची लहान स्वयंचलित कळ आलेली आहे. प्रवाह अधिक झाला की ती आपोआप खाली पडते आणि बिघाड दूर केल्यावर पुन्हा वर करता येते. परंतु जुना उतावीळपणा संपलेला नाही. 16 अँपियरची कळ वरचेवर पडते म्हणून तिच्या जागी 32 अँपियरची बसवून घेणारे लोक आजही भेटतात. कळ तारेला साजेल अशीच हवी. कळ वारंवार पडत असेल तर त्या मार्गावरील ओझे तरी कमी केले पाहिजे किंवा दोष तरी शोधला पाहिजे.

मात्र एमसीबीविषयी एक गैरसमज सर्वत्र पसरलेला आहे, आणि तो प्राणघातक ठरू शकतो. घरात एमसीबी आहे, तेव्हा विजेचा धक्का लागण्याचे भय नाही, असे पुष्कळांना वाटते. ते चूक आहे. एमसीबी ही तारेची रक्षक आहे, माणसाची नव्हे. ओल्या हाताने, अनवाणी पायांनी ओलसर फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून 100 मिलिअँपियर, म्हणजे अँपियरचा केवळ दहावा भाग इतका प्रवाह गेला, तरी त्याचे हृदय बंद पडू शकते. 16 अँपियरच्या कळीला एवढ्याशा प्रवाहाची दखलही लागत नाही. माणसाच्या रक्षणासाठी दोन निराळ्या व्यवस्था आहेत आणि स्वयंपाकघरात त्या दोन्ही हव्यात.

पहिली व्यवस्था अर्थिंगची. तीन कांड्यांच्या प्लगकडे नीट पाहिले तर वरची कांडी इतर दोहोंपेक्षा लांब व जाड असते. ती अर्थिंगची कांडी. ती लांब ठेवण्यात हेतू असा की, प्लग आत जाताना तिचा संबंध सर्वांआधी जुळावा आणि बाहेर काढताना सर्वांच्या शेवटी तुटावा. उपकरणाचे धातूचे अंग या कांडीमधून हिरव्या तारेने जमिनीत खोल पुरलेल्या धातूच्या नळीशी अथवा पत्र्याशी जोडलेले असते. फ्रीजच्या आतील एखादी तार सुटून त्याच्या पत्र्याला टेकली, तर वीज त्या हिरव्या वाटेने जमिनीत निघून जाते. फ्रीजचे दार उघडणाऱ्या मुलाच्या अंगातून जात नाही. जुन्या घरांत दोन कांड्यांचे प्लग असत, किंवा तीन भोके असूनही तिसऱ्या भोकामागे तारच नसे. ते भोक केवळ शोभेचे! नूतनीकरणाच्या वेळी ही हिरवी तार प्रत्येक प्लगपर्यंत खरोखर पोहोचली आहे की नाही, हे मोजमाप करून पाहिले पाहिजे.

दुसरी व्यवस्था म्हणजे आरसीसीबी नावाची कळ. तिचे काम एखाद्या चोख हिशेबनिसासारखे आहे. घरात गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांची ती सतत तुलना करीत असते. दोन्ही समान असतील तर सर्व ठीक. 30 मिलिअँपियरचा फरक पडला, तर तेवढी वीज भलत्याच वाटेने, कदाचित कोणाच्या तरी शरीरातून, जमिनीत जात आहे असे समजून ती क्षणार्धात सर्व प्रवाह तोडते. तिच्यावर एक लहानसे तपासणीचे बटण असते. ते अधूनमधून दाबून कळ पडते की नाही हे वडीलमाणसांनी पाहावयाचे असते. कित्येक घरांत ते वर्षानुवर्षे कोणी दाबलेलेच नसते. आणि एक गोष्ट या हिशेबनिसालाही कळत नाही. एखाद्याने एका हाताने फेजची आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रलची तार धरली व त्याचा जमिनीशी संबंध नसला, तर गेलेला आणि आलेला प्रवाह सारखाच राहतो व कळ स्वस्थ बसते. तेव्हा कोणतीही कळ सावधपणाची जागा घेऊ शकत नाही.

मार्ग ठरले, तारा ठरल्या, की प्लग कोठे बसवावयाचे हा प्रश्न येतो. ओट्यावरील प्लग ओट्याच्या पृष्ठभागापासून वीत-दीड वीत उंच असावा, म्हणजे सांडलेले पाणी किंवा दूध त्यात शिरत नाही. भांडी घासण्याच्या मोरीवर आणि नळाच्या अगदी शेजारी प्लग नको. शेगडीच्या वर तर मुळीच नको. तेथे वाफ, तेलाचा ओशटपणा आणि उष्णता ही तिन्ही एकत्र येतात. फ्रीजचा प्लग त्याच्या पाठीमागे गेला तरी चालेल, पण त्याचे बटण हाताशी राहिले पाहिजे. फ्रीज सरकवल्याशिवाय वीज बंद करता येत नसेल, तर संकटाच्या क्षणी त्या बटणाचा काय उपयोग? बटणासंबंधी आणखी एक बारकावा आहे. ते फेजच्या तारेवरच बसविलेले असावे. न्यूट्रलवर बसविले तरी दिवा लागतो आणि विझतो, त्यामुळे चूक उमगत नाही. पण बटण बंद असतानाही उपकरणाच्या आत वीज दबा धरून बसलेली असते.

ज्या घरात गॅसचे सिलिंडर ओट्याखाली असते, तेथे अधिक जपावे लागते. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असतो. तो गळू लागला तर वर न जाता जमिनीलगत पाण्यासारखा पसरतो आणि खालच्या कोपऱ्यात साठतो. बटण चालू किंवा बंद करताना त्याच्या आत एक बारीक ठिणगी पडते. एवढी ठिणगीही स्फोटास पुरेशी असते. म्हणून सिलिंडरच्या कप्प्यात किंवा त्याच्या शेजारी जमिनीलगत प्लग व बटणे ठेवीत नाहीत. याच कारणासाठी गॅसचा वास येताच दिव्याचे बटण लावूही नये आणि बंदही करू नये; प्रथम खिडक्या-दारे उघडावीत आणि सिलिंडरवरील रेग्युलेटर बंद करावा. नळाने येणारा नैसर्गिक वायू मात्र हवेपेक्षा हलका असल्यामुळे वर चढतो. तेथे छताजवळची हवा मोकळी राहणे महत्त्वाचे ठरते.

एवढे कागदावर उतरल्यानंतरच भिंतीला छिन्नी लागावी. तारांच्या नळ्यांसाठी भिंतीत ज्या झिऱ्या पाडतात, त्या सरळ उभ्या किंवा सरळ आडव्याच असाव्यात. तिरपी वाट जवळची पडते, तार वाचते आणि कामही लवकर आटोपते, म्हणून घाईचा कारागीर तिरपी झिरी मारू पाहतो. पण नळी सरळ वर गेलेली असली म्हणजे प्लगच्या बरोबर वरच्या रेषेत खिळा ठोकू नये, हे पुढे कोणालाही समजते. तिरपी गेली असेल तर सारी भिंतच संशयाची होते. नळीत तारा ठासून भरीत नाहीत. त्यांना थोडी मोकळी जागा लागते, म्हणजे उष्णता कोंडत नाही आणि एखादी तार बदलावयाची झाल्यास ती ओढून काढता येते. तारांचे सांधे नळीच्या आत कधीही करू नयेत. ते उघडता येणाऱ्या पेटीतच हवेत. ढिला सांधा हा जाड तारेलाही दगा देतो. जुन्या घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा सापडल्या, तर त्यांना नव्या तांब्याच्या तारा नुसत्या पिळून जोडणे हेही असेच धोक्याचे. त्या सांध्यात कालांतराने गंज चढतो, तो ढिला पडतो आणि तापू लागतो. घर नवे होत असताना अशा तारा समूळ काढून टाकणेच बरे. भांडी घासण्याच्या यंत्रासारखे एखादे उपकरण पुढेमागे येण्याचा संभव असेल, तर त्याच्या जागेपर्यंत एक रिकामी नळी आताच घालून ठेवावी. आज तिला थोडेच पैसे लागतात; पाच वर्षांनी तिच्यासाठी फरश्या फोडाव्या लागतात.

हे सर्व काम हौशी माणसाचे नव्हे. ते अनुज्ञप्ती असलेल्या ठेकेदाराकडून आणि शिकलेल्या वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावयाचे असते. उपकरणांची बेरीज घराच्या मंजूर भारापेक्षा अधिक होत असेल, तर वीज पुरविणाऱ्या कंपनीकडे अर्ज करून तो वाढवून घ्यावा लागतो. एरवी घरातील तारा जाड आणि मीटरकडून येणारी तार बारीक, अशी विचित्र स्थिती होते. परंतु कारागीर कितीही कुशल असला तरी घरच्या माणसांनी काय हवे ते आधी ठरविलेले नसेल, तर तो आपल्या सवयीप्रमाणे दोन प्लग बसवून मोकळा होतो.

नळ्या बसल्या, तारा ओढल्या, की गवंड्याला गिलाव्यासाठी हाक मारण्यापूर्वी एक दिवस थांबावे. त्या दिवशी वीजतंत्री प्रत्येक मार्ग उपकरणाने तपासतो. हिरवी तार शेवटपर्यंत अखंड आहे, फेज व न्यूट्रल आपापल्या जागी आहेत आणि दोन तारांमधील आवरण कोठे दुखावलेले नाही, याची खात्री करून घेतो. त्याच दिवशी प्रत्येक भिंतीपुढे मोजपट्टी धरून तिची छायाचित्रे काढावीत. त्यांवरून एक आराखडा तयार करावा. त्यात विजेच्या नळ्या एका रंगाने, पाण्याच्या दुसऱ्या रंगाने व गॅसची नळी तिसऱ्या रंगाने दाखवावी. हे काम घरातील मुलांना फार चांगले जमते. आराखड्याची एक प्रत मुख्य बोर्डाच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवितात आणि प्रत्येक कळीखाली तिचे नाव लिहितात: दिवे, फ्रीज, शेगडी, किटली. त्यानंतर गिलावा होतो, फरश्या बसतात आणि तारा दिसेनाशा होतात. पुढे कधी तरी कोणी दिनदर्शिका टांगण्यासाठी हातोडी घेऊन भिंतीपाशी जाईल, तेव्हा त्याने आधी ते झाकण उघडावयाचे असते.